काकीच्या तोंडचं वाक्य

११ फेब्रुवारी २०१८

लिहिलं एकदाचं!

दोन महिने प्रविण डोकं खातोय – "किनाऱ्यावरच्या बाईला बोलतं कर." कादंबरीत त्या बाईचा नवरा धुक्याचा राजा उचलून नेतो, आणि ती वाळूत बसून नऊ पानं नुसती विचार करते. एक अक्षर बोलत नाही. मी, प्रविण, निलम – तिघंही कॉलेजपासून या पुस्तकाचे वेडे. पदरचा वेळ घालून त्याचा सिनेमा काढायचं ठरवलं तेच त्या नऊ पानांसाठी. पण विचार कॅमेऱ्यात दिसत नाहीत, असं प्रविण म्हणतो. खरंच आहे.

मी लिहिलेले संवाद सगळे नाट्यस्पर्धेतले. "हे सागरा, माझा प्राणसखा परत दे!" निलम वाचताना हसून लोळली. घरात असं बोलतं कोण?

मग आज पुतळीकाकी बोलते तसं लिहिलं. छे, तसं नाही. पुतळीकाकी बोलली तेच लिहिलं.

१२ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं.

नारूकाका २०११च्या श्रावणात बोटीवर गेला तो आलाच नाही. बोटही आली नाही. त्या दिवशी काकीला माहेरी न्यायचं कबूल केलं होतं, आणि ऐनवेळी निघाला. काकीने डबा त्याच्या हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि पाठ फिरवली. हे तिने फक्त मला सांगितलंय, बोंबील वाळत घालताना. सांगून झाल्यावर समुद्राकडे बघून म्हणाली, "ये तू घरी, मग बगते तुला. मी राग सोडला नाय अजून."

तो डबा आणि हे वाक्य, दोन्ही मी उचललं. विचारलं असतं तर नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

४ मार्च

तलासरीला प्रविणच्या घरी वाचन झालं. ते वाक्य आलं आणि प्रविण उठून उभाच राहिला. "उन्नती, हे कुठून आणलंस?"

"सुचलं," म्हटलं. सुचलं म्हणे! मान खाली गेली माझी. पण कौतुक गोडही लागलं.

पुढे निलम अडली. सिनेमात त्या बाईचं काम तीच करतेय. "एवढी वर्षं नवरा नाही आणि ही अजून रागावलेलीच? कजाग वाटते यार. मला या वाक्यावर रडूच येत नाही." प्रविणचं वेगळंच. पुस्तकात नवरा परत येत नाही. त्याला तो यायला हवाय. "लोकांना एवढं बसवून ठेवायचं आणि रिकाम्या हाताने घरी पाठवायचं? पण यायला काहीतरी कारण पाहिजे ना!"

मीच म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच! – ती राग सोडते. तेवढ्यात धुकं फाटतं. होडी येते.

"मी राग सोडला. ये आता."

एका फटक्यात दोघांच्याही अडचणी मिटल्या. दोघांनी मला टाळ्या दिल्या. येताना जीपमध्ये दाटीवाटीत बसून एकच डोक्यात – काकीचं वाक्य न विचारता घेतलं, आणि घेतलं ते मोडून घेतलं.

२२ एप्रिल

शूटिंग, आमच्याच किनाऱ्यावर. काकीने स्वतःचं जुनं लुगडं काढून निलमला नेसवलं. वाळूत कसं बसायचं तेही शिकवलं – "अशी नाय, वाट बगनारी मानूस टेकून बसत नाय." निलमने तिचे पायच धरले!

ते वाक्य घ्यायची वेळ आली तेव्हा मी काकीला मसाला आणायच्या निमित्ताने बाजारात पिटाळलं. मसाला घरात भरपूर होता.

३ सप्टेंबर

काकाला जाऊन सात वर्षं झाली. आता सरकारदरबारी तो नाही असं लिहून मिळतं, म्हणून बाबांनी कागद काढायला घेतलेत. घर काकाच्या नावावर, काकीला साधं छप्परही बदलता येत नाही. शिवाय त्याचे दिवस घालायचेत. ती ना धड सवाष्ण ना धड दुसरी काही. हळदीकुंकवाला बायका बोलावतात आणि मग एकमेकींकडे बघतात.

प्रतिज्ञापत्र आमच्याच झेरॉक्सच्या दुकानात मी टाइप केलं. "मी खाली सही करणार पुतळी नारू, शपथेवर लिहून देते की..." काकीला वाचून दाखवलं.

"हे मी कवा बोलली?"

"काकी, असंच लिहितात गं."

हसली. मग बराच वेळ बांगड्या मागेपुढे करत बसली. शेवटी म्हणाली, "सात वर्सं झाली. बास आता. करून टाकू." बाबा बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

काका सापडला नाही असा पोलिसांचा दाखला आला की सही.

२ डिसेंबर

तिकडे पुन्हा भूकंपाचे हादरे. तलासरीत लोक घरात थांबत नाहीत. प्रविणने कॉम्प्युटर अंगणात काढलाय, शेवटचं एडिटिंग आंब्याखाली चाललंय!

१३ जानेवारी २०१९

शाळेच्या वर्गात, खिडक्यांना चादरी लावून, दुपारी सिनेमा दाखवला. काकी पहिल्या रांगेत, जमिनीवर. मी मुद्दाम मागे.

डबा ओट्यावर ठेवायचा प्रसंग आला तेव्हा दोन-तीन बायकांनी काकीकडे वळून बघितलं. म्हणजे त्यांना कळलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग ते वाक्य आलं, धुकं फाटलं. होडी दिसली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि काकी उठून उभी राहिली. मागून लोक ओरडले, "काकी, खाली बसा!" ती बसली नाही. संपल्यावर तशीच घरी गेली.

उद्या सही आहे. दाखला आलाय.

१४ जानेवारी

सही झाली नाही.

बाबा पिशवी घेऊन दारात उभे. काकी आतून म्हणाली, "मी नाय येत. तो कागद फाडून टाका." बाबा समजावून थकले, मग ओरडले. ती ढिम्म. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझ्यामुळे. सात वर्षांनी कशीबशी तयार झाली होती, आणि मी तिचं भांडण गावासमोर पडद्यावर मांडलं!

१७ जानेवारी

प्रविणचा फोन. नेटवर तीन हजार लोकांनी बघितला. "सगळे त्या वाक्याबद्दलच लिहितायत!" फोन ठेवून दिला.

२० जानेवारी

गेले शेवटी काकीकडे. सगळं सांगितलं – काकी, मी तुझं बोलणं चोरलं, तुला मुद्दाम बाजारात पाठवलं, मला माफ कर. रडून रडून नाक लाल.

ती चूल फुंकत होती. "त्याचं काय एवढं? बायकांना म्हायती होतंच." मला वाटलं, सुटले!

मग माझ्याकडे वळली. "उन्नती, पुस्तकात पन असंच लिवलंय? बाई तसं बोलली आनि होडी आली?"

किती आशेने विचारत होती. आणखी दुखवायला जीभ वळेना. "हो काकी," म्हटलं.

३ फेब्रुवारी

काकी रोज संध्याकाळी कुठे जाते म्हणून आज मागे गेले. घोट्याइतक्या पाण्यात उभी होती. "मी राग सोडला. ये आता." निलमसारखं, अगदी शुद्ध. थोडं थांबून परत तेच. मला बघितलं तर ओशाळली नाही, उलट जवळ बोलावलं. "बराबर बोलते ना गो? का त्या बाईनं आनखी काय म्हटलं होतं?"