साइटची जादा किल्ली

४ मार्च

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुकानाची साइट उघडायला गेलीस की कॉम्प्युटर आडवा येतो आणि ही जागा सुरक्षित नाही म्हणून परत पाठवतो, असं तू लिहितेस. उभा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला आणि माझ्याच दाराबद्दल ही तक्रार! शेजारचा चष्मेवाला म्हणाला, दिव्याखाली अंधार. त्याचा स्वतःचा चष्मा रोज हरवतो, हे मी त्याला ऐकवलं.

गिऱ्हाइकांचं मी बघून घेईन. पण सकाळी कामाच्या टेबलाचा फोटो काढून साइटवर चढवतो, तो तुझ्यासाठी. कानस, पक्कड, पितळेचा भुसा तुला दिसावा, एवढाच हेतू. तूच दारातून परत जाणार असशील तर काय उपयोग? फोनवर समजावू नकोस. मी हो हो म्हणतो आणि फोन ठेवला की पाटी कोरी. लिहून पाठव.

वाट पाहणारा,
बाबा

१५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घाबरू नका, तुमच्या साइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे, इतकंच. सर्टिफिकेट म्हणजे दाखला. हा पत्ता खरंच तुमच्या ताब्यात आहे याची खात्री करून एक बाहेरची संस्था तो देते. येणाऱ्याचा कॉम्प्युटर आधी दाखला तपासतो. पटला, तर पुढचं सगळं बोलणं सांकेतिक भाषेत होतं आणि वाटेत कुणी डोकावलं तरी त्याला ढिम्म कळत नाही. नाहीतर गिऱ्हाइकाने तुम्हाला कळवलेला घरचा पत्ता उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. मात्र दाखला पत्त्याचा असतो, स्वभावाचा नाही. तो एखाद्या भामट्यालाही मिळू शकतो.

साइटला जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पानावर जा. सर्टिफिकेट तिथे फुकट मिळतं. नवं घ्या आणि मुदत आपोआप वाढवायचं बटण चालू करा, म्हणजे पुन्हा हा घोळ नको.

फोटोंशिवाय सकाळ अळणी जाते. शेवटच्या फोटोत आईचा शिवणाचा डबा दिसला. तुम्ही त्यात स्प्रिंगा ठेवता वाटतं. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. घरी ये, असं तुम्ही मुद्दाम लिहीत नाही, ते मला कळतं. बाबा, खूप आठवण येते, पण धीर होत नाही. बेल वाजली की दार आईच उघडायची. आता दुसरं कुणी उघडलं, अगदी तुम्ही जरी, तरी मी उंबऱ्यातच मटकन खाली बसेन.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
खारूताई

२ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

सर्टिफिकेट मिळालं, बसवलं. आपोआपचं बटण मात्र दाबलं नाही. सगळं आपोआप व्हायला लागलं तर तू पत्र कशाला लिहिशील?

दाखल्याबरोबर त्याची खासगी किल्लीही मिळाली. किल्ली कसली, अक्षरांची मारुतीच्या शेपटासारखी माळ! पण किल्ली म्हटल्यावर मला हायसं वाटलं. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. माणूस बाहेरगावी निघालं की जादा किल्ली त्याच्या हातात द्यायची. घराची तुला दिली आहेच. ही छापून सोबत जोडली आहे. एक प्रत चष्मेवाल्याकडेही ठेवली.

घराच्या दाराचं कुलूप हल्ली अडतं. जो तो म्हणतो, बदलून टाका. मला काय नवं कुलूप जड आहे? पण मग तुझी किल्ली लागणार नाही. म्हणून आतली स्प्रिंग तेवढी बदलली. तू येवो न येवो, किल्ली लागली पाहिजे.

तुझा,
बाबा

१२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कपाळाला हात लावला! कुलूपवाल्याने किल्ल्या वाटत सुटायचं म्हणजे कमाल झाली. अहो, ही किल्ली कुणालाच द्यायची नसते, मलासुद्धा नाही. ज्याच्या हाती ती पडेल, तो तुमचं सोंग घेऊन तुमच्या नावाने दुकान मांडेल. ती साइटच्या जागीच राहते. एकदा बाहेर पडली की बाद. कंपनीला कळवून ते सर्टिफिकेट रद्द करा आणि नव्या किल्लीवर नवं घ्या. चष्मेवाल्या काकांची प्रत फाडा. त्यांना सापडली तर.

माझ्याकडची मी कात्रीने बारीक कापली. मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून आपल्या घराची किल्ली काढली. इतकी वर्षं जवळ आहे, पण एकदाही लावलेली नाही. ती लागावी म्हणून तुम्ही अडणारं कुलूप सांभाळत बसलात, हे वाचून रडू आवरेना.

रजा मंजूर झाली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येते. माझी पावलं ऐकू आली तरी दाराशी येऊ नका. मी बेल वाजवणार नाही. मला माझ्या किल्लीने दार उघडायचंय.

भेटीपर्यंत लोभ राखून ठेवा, येऊन वसूल करीन.
तुमची,
खारूताई

१८ एप्रिल

चि. खारूताईस,
आशीर्वाद, हवे तेवढे.

जुनं रद्द केलं, नवं बसवलं. किल्ली कुणालाही दिली नाही. आपोआपचं बटणही दाबून टाकलं.

शनिवारी खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवतो, म्हणजे उठायचा मोह होणार नाही. शब्द दिला, उठणार नाही. किल्ली अडली तर घाबरू नकोस. फिरवताना जरा वर उचल.

आत बसलेला,
बाबा