बसऱ्यातला उन्हाळा आणि पाठीवरची ऊब

२ ऑगस्ट, दुपार
आजपासून बर्फाच्या पाण्याने आंघोळ. निश्चय म्हणजे निश्चय! गच्चीवरच्या टाकीचं पाणी नुसतं उकळतंय, म्हणून न्हाणीतला गीझर बंद ठेवून त्याच्या टाकीत, सावलीत निवलेलं पाणी घ्यायचं. दर उन्हाळ्यात हे माझी बायको वजीहा बघायची. ती वसंतात गेली. माझं काही अडलेलं नाही.
बादलीत बर्फाची अर्धी लादी टाकली. झकास. पण बाहेर आलो आणि अंगाची नुसती लाही लाही! पंखा बिघडला असणार.

३ ऑगस्ट
पंखा ठीक आहे. आज अख्खी लादी. अंग जास्तच पेटलं.
शेजारची उम्म शाकीर म्हणाली, "न्हाणीत शिरताना बिस्मिल्ला म्हणतोस का? नाही ना? मग तिथल्या जिन्नांनी धरलंय तुला. वजीहा होती तोवर तुझ्या वाटणीचंही तीच म्हणायची." मी हसलो. बंदरावर जन्मभर क्रेन चालवलेला माणूस मी, असल्या गोष्टींना भीक घालत नाही.
खबरदारी म्हणून तीनदा म्हटलं.

५ ऑगस्ट
भीती अजिबात नाही. हवा यावी म्हणून न्हाणीचं दार उघडं ठेवलं, एवढंच.
आज नीट लक्ष दिलं. ऊब आधी दोन खांद्यांच्या मधे येते. तळहाताएवढी. वजीहा पाठ चोळून झाली की तिथेच हात ठेवायची. "झालं, ऊठ आता म्हातारबा."
जिन्न कसले? तीच आहे.

६ ऑगस्ट
दोनदा आंघोळ. तब्येतीला चांगली असते.

८ ऑगस्ट
चारदा. नाक गळतंय, ते धुळीमुळे. बर्फवाल्याने विचारलं, घरात लग्न आहे काय. हो म्हणालो.

९ ऑगस्ट
मुलगी आली. रिहाब, दवाखान्यात नर्स आहे. मला शिंकताना बघून खोदून विचारलं, सगळं सांगितल्यावर भडकलीच. "बाबा, जिन्न नाही आणि आईही नाही! गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, उष्णता आत कोंडते. बाहेर आलात की रक्त परत कातडीकडे धावतं, म्हणून तापल्यासारखं वाटतं. कोमट पाणी घ्या."
चार बुकं शिकली की असं होतं. पण बोलता बोलता तिचे डोळे भरले, म्हणून कबूल केलं. वजीहाला यायचंच असेल तर ती पाण्याची अट थोडीच घालणार आहे?

१० ऑगस्ट
कोमट पाणी घेतलं. टॉवेल गुंडाळून दाराकडे पाठ करून बराच वेळ बसलो. अंग छान निवलं. लाही नाही, काही नाही. रिहाबचं बरोबर होतं.
पाठीवर मधेच साबण राहिलाय. तिथवर माझा हात पोचत नाही.