आखाजीच्या झोक्यावरचं रॉकेट

इटारसी, ५ मे १९५८

तीर्थरूप लीलाधर मामांस,

भाचा झुलाल याचा इंजिनाच्या धुरासकट दंडवत. मी इकडे खुशाल आहे, म्हणजे भाकरी स्वतः भाजतो आणि ती खातोही. तुमचा गुडघा आता कसा आहे? डाळमिलच्या जिन्यावरून उतरताना अजून दुखतो का? मामींनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं. बरणी फुटून पोचलं, पण माझ्या सदऱ्याला अजून छान वास येतो.

पत्र लिहायचं कारण विशेष नाही. यंदाच्या आखाजीला (इकडे तिला अक्षय तृतीया म्हणतात) सासुरवाडीत काय झालं ते तुमच्या कानावर उलटंसुलटं गेलं असेल, तर सरळ जावं, इतकंच. तुम्ही ही सोयरीक जुळवली, म्हणून तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. पण मला वाटलं, वाईट बातमी आपली आपण पोचते.

त्याचं असं झालं. आमच्या इंजिनांच्या शेडमध्ये एक फिटर आहे, तो दुपारच्या सुट्टीत हिंदी पेपर मोठ्याने वाचतो. रशियाने कुत्री आभाळात पाठवली तेव्हापासून शेडमध्ये दुसरा विषय नाही. हवा संपते त्याच्याही वर रॉकेट चालतं, हे मला पटेना. (मी चौथी नापास, पण पटण्या-न पटण्याला इयत्ता लागत नाही.) मग एक दिवस मला बॉयलर धुवायचा पाइप धरून उभं केलं. तिकडून कोणी पाणी सोडलं आणि मी पाइपासकट मागे राखेच्या खड्ड्यात गेलो. खड्ड्यात बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं की पाणी समोरच्या भिंतीला लागायच्या आधीच पाइपाने मला ढकललं होतं. म्हणजे ढकलायला भिंत लागत नाही, हवा लागत नाही. पाणी पुढे फेकलं की पाइप मागे येतोच. रॉकेट पेटलेला वायू मागे फेकतं आणि आपण पुढे जातं, समोर-मागे काही असो नसो. मला इतका आनंद झाला की बाकीच्यांना वाटलं, डोक्याला मार लागला.

ही विद्या घेऊन मी आखाजीला अमळनेरला कुंदाला आणायला गेलो. तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नाला दोन वर्षं होत आली तरी जीवराम आबा लेकीला माझ्याबरोबर पाठवत नव्हते. त्यांचं म्हणणं, हा अमळनेरच्या तेलगिरणीत टिकला नाही, धुळ्याच्या जिनिंगात टिकला नाही, भुसावळला टिकला नाही, तर लेकीने भांडी मांडायची कोणत्या गावात? म्हणणं चूक नव्हतं. पण यंदा ते पाठवायला राजी होते. धुरपदाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिची पेटीही भरली होती. सगळं सरळ चाललं होतं, आणि मी अंगणातल्या बाजेवर बसून रॉकेटचा विषय काढला.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तठे हवा नही शे, मंग तो लाथ कोणले मारस?"

मी म्हटलं, कोणालाच नाही. आबा म्हणाले, नावाडी बांबू तापीच्या तळाला टेकवतो तेव्हा नाव सरकते. मी बंदुकीच्या धक्क्याचं सांगितलं. ते म्हणाले, तो धक्का गोळी हवेवर आपटते म्हणून. मी पाइपाचं सांगितलं. ते म्हणाले, तुला तिथे पाणी मारायला ठेवलंय का, तू तर इंजिनावर आहे म्हणाला होतास. एवढं झाल्यावर गप्प बसायला हवं होतं. पण समोर कडुनिंबाला झोका बांधलेला होता, लेकीबाळी पाळीपाळीने झुलत होत्या, गाणी चालली होती, आणि मला दिसलं की झोक्यावर पाय अधांतरी असतात. टेकायला काही नाही. आयती पोकळी.

आखाजीच्या झोक्यावर जावई बसत नाही हे मला माहीत आहे, मामा. तेवढा मी परका झालेलो नाही. पण शास्त्रापुढे इलाज नव्हता. पोरी उतरल्या, मी बसलो, झोका अगदी स्थिर होऊ दिला. आता फेकायला काहीतरी जड हवं होतं. दारात पाटावर एक मोठं पिकलेलं डांगर होतं. (इकडे यालाच खरबूज म्हणतात आणि पिकू देत नाहीत.) ते मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी समोर जोरात फेकलं. झोका मागे गेला. वीतभर का होईना, गेला. सगळ्यांनी पाहिलं.

डांगर आबांच्या पायाशी फुटलं. बिया त्यांच्या धुतलेल्या धोतरावर बसल्या. तेवढ्यात धुरपदाबाई हातात कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, घागरीवरचं डांगर कुठे गेलं?

ते पितरांचं होतं. आबांच्या वडिलांच्या नावाची घागर भरलेली होती, तिच्यावर ठेवायचं. वर्षातून एकदाच त्या म्हाताऱ्याला डांगर मिळतं. गाणी थांबली. कुंदा खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "आते उतरा खाले."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक बी उचलून पाहिली आणि म्हणाले, "इतभर. आन याच्यावर चांदवर जातस." मग आत जाताना म्हणाले, पोरीचं नंतर पाहू. मी दुसऱ्या दिवशी एकटाच गाडीत बसलो. मला काही फार वाटलं नाही. गाडीत जागाही चांगली मिळाली.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
झुलाल

ता. क. गुडघा बरा असल्यास अमळनेरला एकदा जाऊन याल का? आबा तुमचं ऐकतात. मी शहाणा आहे असं सांगू नका, त्यांना पटणार नाही. कुंदाला पाठवा, एवढंच सांगा. पत्र यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. पत्र तिकिटाअभावी खिशातच राहिलं, ते बरं झालं. आज सासुरवाडीच्या शेजारचा पोरगा निंबा इथून नागपूरकडे जाताना फलाटावर भेटला. त्याने सांगितलं, मी निघाल्यावर एका दुपारी बायका धुणं धुवायला गेल्या असताना आबा स्वतः झोक्यावर बसले आणि वरवंटा फेकला. झोका दोन वीत मागे गेला आणि आबा खाली आले. आता धुरपदाबाई विटेने त्यांची कंबर शेकतात. आबांचा निरोप आहे: जावई म्हणतो तसं जातं खरं. पण झोक्याला दोरी आहे म्हणून तो परत येतो. रॉकेटला दोरी नाही, अडवायला वाराही नाही. "मंग तो थांबस कसा? हाई सांग, आन पोरले ली जाय."

मामा, हे मला माहीत नाही. फिटरला विचारलं. तो म्हणाला, तोंड फिरवून उलट्या बाजूला फेकावं लागतं. पण आबा रॉकेटचंच विचारत होते असं निंबाला वाटलं नाही, आणि मलाही नाही. तुम्ही गेलात तर फिटरचं उत्तर द्या. ते पुरलं नाही तर सांगा की मी दिवाळीच्या आधीपासून याच शेडमध्ये आहे, आणि काल खोलीत भिंतीला खुंटी ठोकली. आजवर कोणत्याही गावात मी खुंटी ठोकली नव्हती.

ता. क. शेवटचा. खुंटी जरा उंच बसली आहे. कुंदाचा हात पोचणार नाही. ती आली की काढून खाली ठोकेन.