तुमच्या सीटवर बसून पाहिलेले किल्ले

अहो,

फ्रान्सला जाऊन परवा परत आले. पाय अजून सुजलेलेच आहेत, बॅग हॉलमध्ये तशीच पडली आहे. खरं तर आडवं व्हायला हवं. पण मंदारनं तीन दिवस गाडीतून फिरवून मला जे किल्ले दाखवले, ते बघायचे होते तुम्हाला. म्हणून आधी तुम्हाला सांगते आणि मग झोपते. नाहीतर तुम्ही स्वप्नात येऊन विचारणार, तटबंदी कशी होती, बुरूज किती होते! मला नाही माहीत बुरूज किती होते.

तुमच्या सीटवर मी बसले होते, चालवणाऱ्याच्या शेजारी. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं. मी सवयीनं दर वेळी डावीकडचं दार उघडून स्टिअरिंगसमोरच बसायला जायची. पहिल्या दिवशी मंदार म्हणाला, "आई, चालवतेस का?" तेव्हा आम्ही खूप हसलो. तिसऱ्या दिवशी तो नुसताच किल्ली धरून उभा राहायचा, मला उमजेपर्यंत. सूनबाईला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंच. आणि दोघांनाही गप्पा मारायच्या असतील तर मधे तुम्ही लागायचात, हे तेव्हा कळलं.

एप्रिल म्हणजे त्यांचा वसंत. इथे वसईत घामाच्या धारा, आणि तिथे मी स्वेटरवर तुमचं ते तपकिरी जाकीट चढवून! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळीधमक शेतं, नवी पालवी, मधेच नदी, आणि नदी वळली की किल्ला. किल्ला कसला, राजेलोकांचे वाडेच ते. एक तर चक्क नदीवर बांधलेला, खालून पाणी आणि वर दिवाणखाना. नावं विचारू नका. मी उच्चारली की मंदार तोंड फिरवून हसतो.

पण किती ते पळवावं माणसाला! सकाळी एक, जेवून दुसरा, उजेड असेल तर तिसरा. दमले म्हणायची सोय नव्हती. "बाबांना हा बघायचा होता ना," म्हणायचा आणि चालायला लागायचा. किल्ले बघत होता की तुमचा नवस फेडत होता, देव जाणे. एका ठिकाणी एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने होते, एकानं चढायचं नि दुसऱ्यानं उतरायचं, वाटेत भेट होत नाही, फक्त मधल्या खिडक्यांतून माणूस दिसतं. त्यानं मला एकावर चढवलं आणि स्वतः दुसऱ्यावर. प्रत्येक खिडकीशी, "आई, दिसतोय का मी?" दिसत होतास रे बाबा. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. तुमच्यासारखाच दिसायला लागलाय.

मधे एकदा हिरवळीवर बसून आम्ही मी इथून नेलेली आगाशीची सुकेळी खाल्ली. त्यानं वाळवलेल्या केळ्यावरचं पान उलगडलं आणि नुसता वास घेत बसला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तर म्हणाला, "चल, पुढचा पाचला बंद होतो."

काल पाचूबंदरची मेरीबाय पापलेट घेऊन आली. तिला सगळं सांगितलं, तर पाटी खाली ठेवून कमरेवर हात! "पैसं भरून किल्ला बगाया गेल्ती? आमी रोज पाटी घेऊन किल्ल्यातनंच येतो. कोन बगतंय त्या भिंतींकडं?" मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दादा बगायचे म्हना. दादांसारकं कोन बगनार?"

खरंच, तुमच्यासारखं कोण बघणार? आयुष्यभर नोकरीच्या रामरगाड्यात एक रविवार मिळायचा, तोही तुम्ही वसईच्या किल्ल्याला दिलात. हातमोजे, कोयता, पाण्याची बाटली, आणि चार-पाच तुमच्यासारखेच वेडे. तटाच्या सांध्यांतून उगवलेले पिंपळ उपटायचे. मलाही कितीदा नेलंत! लोक बायकोला सिनेमाला नेतात, आणि तुम्ही मला पिंपळ उपटायला! "लहान आहे तोवर मुळासकट निघतो. मोठा झाला की भिंत घेऊन जातो," हे तुमचं ठरलेलं भाषण. मी कुरकुरायची, पण हाताला सवय लागली. ती सवय मला कुठे नेऊन सोडणार होती, ऐका.

शेवटचा किल्ला निम्मा पडलेला होता. तुम्हाला तोच आवडला असता. मंदार तिकीट काढायला गेला आणि मी एका बुटक्या भिंतीवर टेकले. बाजूला दगडांच्या फटीत हिरवे कोंब दिसले. डोक्यात काही नव्हतं हो, मी इतकी थकले होते. हातच गेला. मुळाशी चिमटीत धरायचं, हलवून सैल करायचं, अलगद ओढायचं, तुम्ही शिकवलंत तसं. एक, दोन, चार. छान निघत होते. माती झटकून बाजूला ढीगही लावला.

तेवढ्यात एक माळीणबाई ओरडत आली. उंच, गमबूट घातलेली, रागानं लाल झालेली. मला एक अक्षर कळेना. मंदार धावत आला. दोघांचं काही बोलणं झालं आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, फुलझाडं आहेत ती! भिंतीतून फुलं यावीत म्हणून त्यांनी मुद्दाम बी लावलं होतं. पुढच्या आठवड्यात फुलली असती." मला तर भिंतीनं पोटात घ्यावं असं झालं. साठी उलटलेली बाई, परदेशात, चोरी पकडल्यासारखी उभी!

मग मंदार तिला समजावायला लागला. त्यातलं "पापा" एवढंच मला कळलं. हातानं उपटून दाखवत होता, तुम्ही उपटायचात तसं. आणि बोलता बोलता मधेच थांबला. अहो, तो रडायला लागला. त्या अनोळखी बाईसमोर, रस्त्यावर, लहानपणी रडायचा तसा, हुंदके देत. तुम्ही गेलात तेव्हा तो विमानात होता. आल्यावर दाखले, बँक, पेन्शन, येणारेजाणारे, सगळं निभावलं त्यानं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. मी मनात म्हणायची, कसला दगड झालाय हा. दगड नव्हता हो झाला.

त्या बाईनं हातमोजा काढला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ढिगातलं एक रोप उचलून माझ्या हातात दिलं. मी ते परत फटीत खोचलं, अंगठ्यानं माती दाबली. लावायला शिकवलंच नव्हतंत तुम्ही कधी! जगेल की नाही, काय माहीत.

गाडीत बसून त्यानं किल्ली फिरवली. मग समोर बघतच म्हणाला, "आई, तू आता इथेच राहा. बाबांना मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. किल्ले बघायचे राहूनच गेले त्यांचे. तुझ्या बाबतीत मला पुन्हा उशीर नको करायचा."

तेव्हा मला सोफ्यावरचं तुमचं बोलणं आठवलं. मी विचारलं होतं, "काय हो, वसईचा किल्ला दगडादगडानं पाठ झालाय, आता तिकडचे कशाला?" तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "किल्ल्यांचं काय घेऊन बसलीस? अगं, पोरगा तीन दिवस गाडीत माझ्या शेजारी बसेल. जाईल कुठे?"

ओठांवर आलं होतं माझ्या. पण कसं सांगू त्याला? किल्ले राहिले, एवढंच त्याला वाटतंय, ते तरी फेडता येण्यासारखं आहे. तुम्हाला नुसता तोच हवा होता, इथल्या इथे गाडीतून अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत नेलं असतं तरी पुरलं असतं, हे कळलं तर तो ते कुठे ठेवेल? आणि तुम्ही तरी सरळ बोलायचं होतंत ना एकदा! "ये, मला तुझी आठवण येते," एवढं म्हणायला काय झालं होतं? त्यासाठी अख्खा फ्रान्स मधे आणलात!

मी म्हटलं, "राहणार नाही रे. माझं घर वसईला आहे." त्याचा चेहरा उतरला. मग म्हटलं, "पण अजून किती किल्ले राहिलेत म्हणालास?" कितीतरी दिवसांनी त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला आवडले?" मी म्हटलं, "खूप." धडधडीत खोटं! मग पुढचा सगळा रस्ता तो बोलत होता. कुठला राजा, कुठली राणी, कोणी कोणाला विष घातलं. मी अर्धवट झोपेत हूं हूं करत होते.

तर आता ऐका. पुढच्या एप्रिलमध्ये मी पुन्हा जाणार आहे. गुडघ्यांना पट्टे बांधून, तो म्हणेल त्या जिन्यानं चढणार आहे आणि वर पोचल्यावर "वा, काय सुंदर" म्हणणार आहे. भिंतीतल्या कशालाही हात लावणार नाही. तुमचं सोफ्यावरचं ते वाक्य त्याला कधीच सांगणार नाही, हे माझं वचन. तुमच्या सीटवर बसेन. मंदार शेजारी असेल. जाईल कुठे?

तुमची,
सुनंदा