शनिवारचा बाक

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आम्ही जेवताना मोठ्याने वाचलं. तुझ्या भिंगरीचे प्रताप ऐकून हिला हसता हसता ठसका लागला. आमचे चिरंजीव मुनीमजी मात्र नेहमीसारखे गंभीर. पंधराव्या वर्षी असा चेहरा करून बसणारं पोर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मीही हसलो, पण नंतर विचारात पडलो. शेजारणीचं कुलूप केसातल्या पिनेने उघडणं, शाळा बुडवून अर्धवट इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात डोकावत बसणं, वर्गातल्या मुलाच्या थोबाडीत देणं. हे तू गमतीने लिहिलंस, आणि शेवटी ‘मामाने लक्षात ठेवावं, पुढेमागे गिऱ्हाईक होईल’ असंही लिहिलंस. पण ताई, पोलिसाला असल्या गोष्टी नुसत्या हसून सोडून देता येत नाहीत.

आता बातमी. आमच्या खात्याने ‘वेळीच सावध’ नावाची योजना काढली आहे आणि सबंध जिल्ह्याचं काम माझ्याकडे आलं आहे. ज्या मुलांच्या हातून अजून गुन्हा घडलेला नाही, पण पाऊल वाकडं पडेल अशी लक्षणं दिसतात, त्यांना आम्ही आधीच हाताशी धरतो. दर शनिवारी ठाण्यामागच्या सभागृहात एक हवालदार त्यांच्याशी गप्पा मारतो, सुतारकाम शिकवतो, अधूनमधून शाळेत आणि घरी चक्कर टाकतो. शिक्षा काही नाही, फक्त नोंद वर्षभर राहते. नाव कुणीही सुचवू शकतं, आणि जवळच्या नातेवाइकाने सुचवलं तर आम्ही आधी चौकशीसुद्धा करत नाही. घरचं माणूस उगाच कशाला सांगेल? पोलिसांच्या मुलांनाही सूट नाही, फक्त त्यांचं प्रकरण शेजारच्या ठाण्याकडे जातं. ही अट मीच घालायला लावली. साहेबांनी पाठ थोपटली.

तर पहिलं नाव मी भिंगरीचं दिलं. कारणं तुझ्याच पत्रातली, तुझ्याच शब्दांत उतरवली. फौजदाराने स्वतःच्या भाचीपासून सुरुवात केली म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपेल. तू समजून घेशीलच.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझा,
छोटू


११ एप्रिल

श्री. फौजदारसाहेब यांस,
कृ. सा. न. वि. वि.

मायना वाचून हसू नकोस. भावाला लिहिलेलं पत्र मी फाडून टाकलं. त्यातले शब्द हवालदाराच्या देखत वाचण्याजोगे नव्हते.

काल तुझ्या खात्याचा माणूस गणवेशात भिंगरीच्या वर्गाच्या दारात उभा राहिला आणि तिचं नाव पुकारलं. बिचारा फार सभ्य होता म्हणे. मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. संध्याकाळी तिच्या मैत्रिणीची आई दुकानात आली आणि दुरुस्तीला टाकलेलं शिलाई मशीन परत मागू लागली. शटल काढून ठेवलं होतं, पट्टा उतरवला होता, तरी तिने सगळे सुटे भाग पिशवीत भरून नेले. घाई आहे म्हणाली.

शेजारीण बाहेर अडकली होती आणि आत गॅसवर दूध होतं. तिनेच भिंगरीला हाक मारली. हे मी लिहिलं होतं, तू ते गाळलंस. ज्याच्या थोबाडीत दिली त्याने हिच्या मैत्रिणीची वेणी बाकाला बांधली होती. तेही गाळलंस. आणि लिफ्टच्या खड्ड्यात ती डोकावते, कारण तिला लिफ्ट मेकॅनिक व्हायचं आहे. ट्रेनिंग स्कूलची परीक्षा ती पास झाली, निवड झाली. प्रवेशासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मे अखेरपर्यंत लागतो. इथल्या ठाण्यात विचारलं, तर नोंद असेपर्यंत दाखला मिळणार नाही असं सांगितलं. ती शाळा पुढची मुलं तीन वर्षांनी घेणार आहे.

भिंगरी रडली नाही. तिने दुकानात येऊन एक बिघडलेली मोटर उघडली, दुरुस्त केली आणि कुणाशीही न बोलता झोपायला गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि तिथेच आहे.

ती गंमत मी धाकट्या भावाला सांगितली होती, खात्याला नाही. तिचं नाव काढ. नाही काढलंस तर मी काय करीन ते अजून ठरलेलं नाही, पण काहीतरी करीन एवढं नक्की.

कळावे. लोभ तूर्त बंद आहे.

शिलाई मशीन दुरुस्तीवाली


१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. लहानपणी माझ्या हातून तुझी पाटी फुटली, तेव्हा तू दोन दिवस थांबून माझे बूट विहिरीत टाकले होतेस. तुझा राग मला पाठ आहे.

नाव काढता येणार नाही. स्वतः दिलेलं भाचीचं नाव स्वतःच खोडलं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील आणि योजना पहिल्याच महिन्यात बसेल. वर्ष काय, असं निघून जाईल. तोवर तिला दुकानात बसव. लिफ्ट कुठे पळून जात नाहीत. आणि खरं सांगू, पोरीचं नाक थोडं खाली आलं तर तिच्याच भल्याचं आहे. तू तिला फार डोक्यावर चढवून ठेवली आहेस.

राग उतरला की तूच हसशील. लोभ बंद केलास तरी मी पत्रं पाठवीतच राहीन.

तुझा,
छोटू


२ मे

चि. छोट्यास,
अ. आ.

राग उतरला की हसशील म्हणाला होतास. आज मशीनला तेल घालता घालता इतकी हसले की ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून काय झालं म्हणून विचारलं. भावाची आठवण आली असं मी सांगितलं.

तुझं पहिलं पत्र पुन्हा नीट वाचलं. तुझ्या योजनेची माहिती तू फार सोपी करून लिहिली होतीस, माझ्यासारख्या बाईलाही सहज कळली. जवळच्या नातेवाइकाने नाव दिलं तर चौकशी नाही. पोलिसांच्या मुलांना सूट नाही. प्रकरण शेजारच्या ठाण्याकडे. मी शेजारच्या ठाण्याला पत्र टाकलं.

तुला माहीत नसेल, मुनीम मला वेगळी पत्रं लिहितो. त्याच्या शाळेतून टाकतो, म्हणजे घरी कळत नाही. बाबांना सांगितलं तर मार बसेल, म्हणून आत्याला सांगतो. तुझी जुनी टोपी घालून तो दोन मित्रांबरोबर पुलाखालच्या रस्त्यावर उभा राहतो. सायकलवरून येणाऱ्या लहान पोरांना अडवतो आणि दिवा नसेल तर दंड म्हणून सायकलची घंटी काढून घेतो. घंट्यांचं खोकं पलंगाखाली आहे, बघून घे. वाचताना मीही खूप हसले होते, अगदी तुझ्यासारखी.

ठाण्याला मी गमतीच्या भाषेत लिहिलं नाही. पोलीस असल्याची बतावणी करून लहान मुलांना दमदाटी, असं लिहिलं. नातं: सख्खी आत्या. कारणं मात्र त्याच्याच शब्दांत. ही पद्धत तुझ्याकडूनच शिकले.

भिंगरीच्या दाखल्याचं बघ. वहिनीला आशीर्वाद. माझी माया कमी झालेली नाही, फक्त तिला आता धार आली आहे.

तुझी,
ताई


१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. हे पत्र ठेवून दे, पुन्हा असं लिहून मिळणार नाही.

शनिवारी मी त्या सभागृहातल्या बाकावर बसलो, मुलाचा बाप म्हणून. समोर शेजारच्या ठाण्याच्या फौजदारबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांना जबाब कसा घ्यायचा ते मी शिकवलं होतं, आणि त्या चांगल्या शिकल्या आहेत. घरात मारहाण होते का, मुलगा वडिलांना घाबरतो का, मनातलं कुणाला सांगतो, असं सगळं विचारलं. मुलगा मला घाबरतो का, या प्रश्नाला मी नाही म्हणालो, आणि मुनीम जमिनीकडे बघत राहिला. बाईंनी ते बघितलं. हिनेही बघितलं. तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतं बोलते.

भिंगरीची नोंद मी काढून घेतली आहे. चूक माझी होती, अर्धी माहिती गाळून नाव दिलं, असं लेखी दिलं. साहेबांनी भर खोलीत झाडलं आणि योजनेचं काम माझ्याकडून काढून घेतलं. दाखला परवा टपालात पडला आहे.

आता तुझं पत्र मागे घे. पोरगा ताटावरून अर्धवट उठतो. गल्लीतली पोरं त्याला टोपीवाला म्हणतात. तुझं भांडण माझ्याशी आहे, ते माझ्यापर्यंत ठेव. हात जोडून सांगतो.

तुझा,
छोटू


२३ मे

चि. छोट्यास,
अ. आ.

दाखला पोचला. भिंगरीचा प्रवेश झाला. निळा गणवेश, कमरेला हत्यारांचा पट्टा, आरशासमोरून हलत नाही. मोठ्या मनाने चूक मान्य केल्याबद्दल मामाला धन्यवाद सांग म्हणाली. सांगितले.

पत्र मागे घ्यायचं म्हणतोस. मागे घेता येतं का, ते मी त्या ठाण्यात विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. वर्ष काय, असं निघून जाईल. पोराचं नाक थोडं खाली आलं तर त्याच्याच भल्याचं आहे. भांडण तुझ्यापर्यंत ठेव म्हणतोस, मग तुझ्यापुरती सांगितलेली माझ्या पोरीची गंमत तू खात्यापर्यंत कशाला नेलीस? शिवाय तिने काहीच केलं नव्हतं. मुनीमाने घंट्या घेतल्या आहेत.

तुझ्यापासून काय लपवू, तू बाकावर बसलास हे वाचून मला बरं वाटलं. ते पान मी दोनदा वाचलं. साहेबांनी भर खोलीत झाडलं ती ओळ तर ह्यांनाही वाचून दाखवली. ह्यांनी पुरे आता म्हटलं. मी पुरे झालं की सांगेन.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
ताई


६ जून

ती. आत्याबाई यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र शाळेतून नाही, घरून लिहितो आहे. बाबा समोर बसले आहेत, पण वाचायला मागितलं नाही.

घंट्या परत केल्या. हवालदारकाकांबरोबर एकेका घरी जाऊन, स्वतः पान्याने बसवून दिल्या. एका लहान मुलाने दार उघडलं आणि मला बघून आईच्या मागे लपला. ते मला आवडलं नाही, म्हणजे माझं वागणं. तेव्हा मी जे केलं त्याबद्दल मला पकडलं याची तक्रार नाही. तुम्ही खोटं काही लिहिलेलं नव्हतं.

भिंगरीताईचं पत्र आलं. तिला मी शनिवारी जातो हे कुठूनतरी कळलंय, पण नाव कुणी दिलं ते तुम्ही तिला सांगितलेलं दिसत नाही. तिला फार राग आला आहे. असं करणारं माणूस सापडलं तर त्याला लिफ्टमध्ये बंद करून ठेवीन असं लिहिलंय. मी अजून उत्तर टाकलेलं नाही.

आता कामाचं. त्या सभागृहात प्रत्येक मुलाबरोबर घराबाहेरचं एक मोठं माणूस बसावं लागतं. ज्याला मुलगा मनातलं सांगतो असं माणूस. वर्षभर, दर शनिवारी. ते मुलानेच निवडायचं असतं. फौजदारबाईंनी मला नाव विचारलं. बाबा म्हणाले की शाळेतल्या सरांचं दे. पण सरांना मी कधी काही सांगितलेलं नाही. मनातलं मी जगात एकाच माणसाला सांगत होतो, म्हणून मी तुमचं नाव दिलं. तुमचं पत्र बाईंच्या समोरच होतं. त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तुमचंच सांगितलं.

पहिल्या बसने निघालात तर वेळेत पोचाल. दुकान शनिवारी बंद ठेवावं लागेल. बाक अरुंद आहे, खेटूनच बसावं लागतं. मुलाने बोलायचं आणि मोठ्या माणसाने ऐकायचं, अशी तिथली रीत आहे. पण मी बाईंना सांगितलं की मला आता कुणाला काही सांगायचं नाही. बाई म्हणाल्या, मग आत्या बोलतील, तू ऐक.

तेव्हा काय बोलायचं ते ठरवून या. मी ऐकायला बसलेला असेन.

तुमचा,
मुनीम