सूत्र : एकवचन

१४ जुलै, सोम.
सकाळी हवालदार नोटीस देऊन गेला. माझ्या साप्ताहिकाच्या मागच्या शुक्रवारच्या अंकातली बातमी, 'गावात जुलाब, कागदावर निरंक'. अफवा पसरवली म्हणे. एकतर या शुक्रवारी माफीचा खुलासा छापा, नाहीतर पुढच्या सोमवारी अकराला ठाण्यात येऊन बातमी कोणी दिली त्याचं नाव सांगा. नोटिशीत 'सूत्र' तीनदा, तिन्ही वेळा ऱ्हस्व. जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे आधी चुका दिसतात. भीती नंतर वाटली. बरीच.

१५ जुलै, मंगळ.
वहीत जपून लिहायला हवं. मोताळ्याच्या वार्ताहराचा फोन ठाण्यात जमा आहे, अजून परत नाही. उद्या माझ्या वह्याही नेतील. सूत्राला सू. लिहायचं ठरवलं. बायकोला सु. लिहितोच. फरक फक्त एका दीर्घाचा, आणि खरं तर तेवढाही नाही. सुनंदा आशाताई आहे. दारोदार फिरून आजारी माणसं वहीत लिहिते. गावच्या टाकीच्या पाण्यानं आजारी पडलेले तिच्या वहीतले रुग्ण वर गेलेल्या कागदात 'निरंक' झाले, हे मला तिनंच सांगितलं.
घ्या, लिहून बसलो. आता ही वही ज्वारीच्या कोठीत.

१६ जुलै, बुध.
फौजदारांचा फोन. गोड बोलले. "सर, वरून विचारणा आहे. चार ओळी छापा, विषय संपला."
रशीदभाईंच्या प्रेसवर गेलो. आमचा चार पानी अंक पहिल्यापासून तिथेच निघतो. म्हणाले, "जमाना खराब हाय सर. पयल्या पानावर डब्बा मोकळा ठेवतो. खुलासा देसान त लावू, नाई त पावसाचा फोटो."
घरी येऊन चार ओळी लिहिल्या. 'सदर वृत्त अपुऱ्या माहितीवर आधारित होते.' व्याकरण चोख. लाज वाटली. पण सु.चं काम मानधनाचं, काढून टाकायला एक सही पुरते. माझं काय, पेन्शन आहे. तिची आशाताई जाईल. गावात तिला नावानं कोणी हाक मारत नाही, आशाताईच म्हणतात.

१७ जुलै, गुरु.
खुलासा सु.ला वाचून दाखवला. भाकरी थापत होती.
"म्हंजे टाकीचं पाणी चांगलं हाय, असंच ना? मंग लोकं तेच पेतीन. अन् वही घेऊन त्याइच्या घरी मलेच जा लागीन."
म्हटलं, तुझं नाव निघालं तर?
"मले बी भेव वाटते. पण हे छापू नोका."
मग हात धुऊन मागचा अंक मागितला. माझा अंक ती कधी वाचत नाही. बातमी सबंध वाचली.
"'सूत्रांनी सांगितले'? मी त एकटीच होती. मले दहा बाया काऊन केलं?"
रीत आहे तशी, म्हटलं. सूत्र एकच असलं तरी अनेकवचन लावायचं. लपायला बरं पडतं.
"कोनाले? मले का तुमाले?"
 

१८ जुलै, शुक्र.
खुलासा दिला नाही. डब्यात, म्हणजे पहिल्या पानावरच्या मोकळ्या चौकटीत, एक ओळ दिली : टाकीचे पाणी उकळून प्या. रशीदभाई म्हणाले, "खाली काय टाकू सर? सूत्र?" माझं नाव टाका म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि टाकलं.

१९ जुलै, शनि.
फोन नाही, कोणी आलं नाही. हे जास्त वाईट. बसस्टँडवर दोन ओळखीचे रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मीही एकेकाळी असा ओलांडला आहे, तक्रार कुठल्या तोंडानं करू?

२० जुलै, रवि.
दुपारी शबानाताई आली. साखरखेर्ड्याकडच्या एका गावची आशाताई. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्या वहीतही जुलाबाचे रुग्ण, आणि वर पाठवलेल्या कागदाची झेरॉक्स सोबत. निरंक.
"सर, उद्या मी बी येतो ठाण्यात. ताई एकटी काऊन जाईन?"
ताई जाणार आहे हे मला माहीतच नव्हतं. सु.कडे पाहिलं तर ती ड्युटीच्या साडीला इस्त्री करत होती. मी म्हटलं, कोणी यायचं नाही. नाव मी सांगणार नाही, काय व्हायचं ते माझं होईल. दोघींनी ऐकून घेतलं आणि उद्याची कितीची बस धरायची ते ठरवत बसल्या.
रागावलो. मग रडू आलं, ते मोरीत जाऊन आवरलं.
संस्कृतात द्विवचन असतं, मराठीत नाही. आपल्याकडे दोन झाले की अनेकवचनच. 'सूत्रांनी सांगितले' हे मी खोटं छापलं होतं, आज दुपारी ते खरं झालं. उद्या अकराला फौजदार नाव विचारतील. मी गप्प बसेन. त्या दोघी बसतील का, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.