भोलूच्या चाचणीत एकच रेघ

प्रिय बाबा,

आज तुमच्या भोलूची गोचीडतापाची चाचणी निगेटिव्ह आली. तरी मला भीती वाटतेय, म्हणून तर लिहायला बसले.

कुत्र्यांच्या दवाखान्यात आईचा जीव भांड्यात पडला. "एकच रेघ आलीय गं, म्हणजे काही नाही ना?" मला हो म्हणवेना. अंग तापलंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, बिस्किटसुद्धा हुंगून सोडतोय. काही नाही कसं?

मी लॅबमध्ये काय करते असं विचारायचात आणि उत्तर संपायच्या आत पेपर उघडायचात! आता तरी ऐका. गोचिडीतून येणाऱ्या जंतूच्या अंगावर प्रथिनं असतात, शरीर त्यांवरून त्याला ओळखतं आणि प्रतिपिंडं बनवतं; चाचणी तीच शोधते. पण सगळ्या जंतूंची जनुकं सारखी नसतात, म्हणून ही प्रथिनंही जागोजागी वेगळी. चाचणीचं किट मात्र एकाच रूपावर बेतलेलं. तुम्ही मिशी काढलीत तेव्हा वॉचमनने गेटवर "किसको मिलना है?" विचारलं होतं, आठवतं? माणूस तोच, ओळख पटेना. भोलूच्या बाबतीत असंच झालं असेल तर?

दर रविवारी गॅलरीत स्टुलावर बसून चिमट्याने त्याच्या गोचिडी काढणं हे तुमचं काम. शेजारी स्पिरिटची वाटी, गुडघ्यांत त्याचं डोकं. आम्हाला कधी हात तरी लावू दिलात का? तुम्ही गेल्यावर आईने चिमटा, वाटी, चष्मा सगळं कपाटात ठेवलं. "ह्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही." आम्ही लावला नाही. काल कानामागे पाहिलं तर टम्म फुगलेल्या गोचिडी!

भोलूला काही झालं तर आईचं काय होईल, बाबा? ती दिवसभर त्याच्याशीच बोलते. संध्याकाळी त्याला सांगते, "आत्ता आले असते ना रे." माझ्याशी बोलते ते फक्त भाजी कुठली करायची एवढंच.

डॉक्टरांनी न थांबता गोळ्या सुरू केल्यात. रक्त दुसऱ्या तपासणीला गेलंय, त्यात जंतूचं जनुकच शोधतात. निकाल उद्या.

हे लिहीत असतानाच आईने तुमचं कपाट उघडलं. चिमटा घेऊन तुमच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बघत काय बसलीस? टॉर्च धर." भोलूने सवयीने तिच्या गुडघ्यांत डोकं ठेवलं.

उद्या काहीही कळो. दर रविवारी टॉर्च मी धरीन. आणि भोलू नसला, तरी त्या स्टुलाशेजारी बसेन, आई बोलेल ते ऐकत.

तुमची,
मनू